खडू हातात असताना

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात नियम एकच होता. मास्तरांच्या हातात खडू आहे तोवर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर त्यानं गुमान बाकावर बसायचं, सून मशीनवर असेल तर तिनं पाय थांबवायचा, आणि मुलगा ओरडत आला तर त्यानं ते ओरडणं उंबऱ्यातच गिळायचं. कापड एकदा कापलं की कापलं; सांडलेलं पाणी आणि चुकलेली कात्री माघारी फिरत नाही, असं मास्तर म्हणत. म्हणजे तरुणपणी एकदा म्हणाले होते. पुढे त्यांना फारसं काही म्हणायची वेळच आली नाही, कारण म्हणायचं खातं मास्तरीणबाईकडे होतं.

हा नियम सगळी गल्ली पाळायची. मोडायची ती एकटी मास्तरीणबाई.

खिडकीपाशी तिची बैठी गादी. कापलेले तुकडे आधी तिच्याकडे यायचे, कच्चे टाके घालायला, आणि शिवून झालेला कपडा शेवटी तिच्याकडेच यायचा, काज-बटणाला. हात सुईवर आणि तोंड जगावर. बाकीचे शिंपी टाचण्या ओठांत धरतात, सूनही धरायची. मास्तरीणबाईनं जन्मात धरल्या नाहीत. मनगटावर चिंध्यांची एक छोटी उशी बांधलेली असे, टाचण्या तिच्यात टोचायची. "तोंड काय टाचण्या ठेवायला दिलंय?" असं विचारायची. गल्लीतले तिला समोर मास्तरीणबाई म्हणत आणि पाठ वळली की कातर म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बोथट असती तर कोण नाव ठेवतंय!

गिऱ्हाईक मास्तरांना विचारायचं, कोट कधी मिळेल. मास्तर गळ्यातला टेप काढून हातात घेत, जरा विचारात पडत, तेवढ्यात खिडकीपाशून उत्तर आलेलं असे. गिऱ्हाईक विचारायचं, गळा बंद ठेवू की उघडा. उत्तर खिडकीपाशून. शेजारी विचारायचे, काय मास्तर, गुडघा कसा आहे. गुडघा मास्तरांचा, उत्तर खिडकीपाशून. मास्तर मान हलवायचे आणि खडू उचलायचे. एका संसाराला एक जीभ पुरते, ती म्हणे. दुसरी ठेवायला घरात जागा कुठे आहे?

त्यामुळे झालं काय, मास्तरांना शब्द सापडेनासे झाले तेव्हा ते कुणाला कळलंच नाही.

आधी माणसांची नावं गेली. "तो आला होता, तो..." म्हणत मास्तरांचं बोट हवेत राहायचं, आणि ती नाव पुरवायची. मग वस्तूंची गेली. "अगं, ते दे जरा, ते." ती हातात इस्त्री ठेवी. इस्त्री नको असली तर कात्री ठेवी. दोन्ही नको असलं तर म्हणे, काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक नाही, आणि टेप देई. चहा पिऊन कप अजून गरम असताना मास्तरांनी पुन्हा चहा मागितला, तर ती अर्धा कप आणखी ओतून मोकळी व्हायची. म्हातारपण आहे, म्हणायची. केस पांढरे झाले तसं डोक्याच्या आतही थोडं पांढरं होणारच.

मग मखमल आली.

गल्लीच्या टोकाच्या बागेत रविवारी बँड वाजायचा. त्याचा म्होरक्या पुढे उभा राहून पिपाणी वाजवी, म्हणून सगळे त्याला पिपाणीवाला म्हणत. त्याला डाळिंबी मखमलीचा कोट हवा होता. मखमल म्हणजे मोठी नखरेल बाई. घडी घालून कापायला जावं तर आतून सरकते. एकेरी पसरायची, पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून एक बाही आखायची, कापायची, मग फर्मा पालथा करून दुसरी. फर्मा पालथा केला नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. साध्या सुती कापडाची बाही उलटली की डावीची उजवी होऊन जाते, कुणाच्या बापाला कळत नाही. मखमलीचं तसं नाही. उलटली की लव आत आणि टक्कल बाहेर.

तुकडे खिडकीपाशी आले. तिनं बाह्या एकीवर एक ठेवल्या आणि तिचा हात थांबला. दोन्ही डाव्या.

तिनं मास्तरांकडे पाहिलं. ते टेबल झाडत होते, चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान. ज्या माणसानं उभ्या हयातीत टाचणीएवढी चूक केली नाही, त्याला हे सांगायचं कसं? तिनं उरलेल्या तुकड्यांतून काखेत जोड देऊन उजवी बाही जमवली. जोड असा घातला की पिपाणीवाल्याच्या बायकोलाही दिसू नये. आणि जास्तीची डावी बाही? केरात टाकावी तर सून बघणार. तिनं आपल्या गादीची शिवण थोडी उसवली, बाही आत कोंबली, पुन्हा शिवली आणि वर बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ एकदा झाकली की झाकतच राहावी लागते. पुढे कधी कॉर्डरॉय बिघडलं, कधी एखाद्या जाकिटाचा खिसा उलटा आला. मास्तरांनी खडू उचलला की ती आता गादीवरून उठून टेबलापाशी उभी राहू लागली. फर्मा पालथा करा. जरा खाली घ्या. हं, कापा आता. मास्तर तसं तसं करायचे. मशीन जसं पायावर चालतं तसे ते तिच्या आवाजावर चालू लागले. ती घटकाभर आत गेली की कात्री कापडात तोंड खुपसून तशीच उभी. ती परत येऊन म्हणायची, "अहो, थांबलात का?" तिला वाटे, नवऱ्याला सांभाळायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं?

एक दिवस सून मशीन थांबवून तिच्याकडे बघत बसली.

"आई, तुम्ही उंच झालात."

"तुझी नजर बुटकी झाली असेल."

"नाही, खरंच. आधी तुमचं डोकं खिडकीच्या गजाखाली असायचं. आता वर गेलंय."

सून होती गरीब चेहऱ्याची, पण शिवणीतली सुरकुती लांबून ओळखणारी. मास्तरीणबाई आत पाणी प्यायला गेली तेवढ्यात तिनं गादी दाबून बघितली आणि शिवण उसवली. सासू परत आली तेव्हा सुनेच्या मांडीवर सगळा संसार मांडलेला होता. डाळिंबी बाही, कॉर्डरॉयच्या बाह्या, खिशांची झाकणं.

"सगळ्या डाव्या," सून हळूच म्हणाली. "आई, हे कधीपासून?"

मास्तरीणबाईनं आधी सुनेच्या माहेरचा उद्धार केला, मग दुसऱ्याच्या गादीत हात घालणाऱ्यांचा. मग खाली बसून ती त्या बाह्यांच्या एकेक करून घड्या घालू लागली, आणि सुनेला सगळं कळलं.

रात्री जेवताना मुलानं निकाल दिला. मुलगा दुकानात बसत नसे, त्याची दुसरीकडे नोकरी. पण निकाल द्यायला तो नेहमी वेळेवर हजर. म्हणाला, बाबांनी खूप कापलं, आता आराम करू देत. कापाकापी बाहेरच्या कटरकडून करून घेऊ. सून म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवू या. मास्तरीणबाई म्हणाली, डॉक्टर काय करणार, बाहीला हात जोडणार? आराम करू दे म्हाताऱ्याला. मास्तरांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर कुणी दिलं असतं ते सांगायला नको.

कात्री वरच्या फळीवर गेली. मास्तर बाकावर बसू लागले, गिऱ्हाइकांच्या बाकावर. तिथं ऊन यायचं. त्यांना हातात गरम चहा मिळायचा, पाठीला उशी मिळायची, कुणी काही काम सांगायचं नाही. आणि मास्तर दिवसेंदिवस उतरत चालले. दुपारभर डुलक्या घ्यायचे आणि पहाटे उठून टेप गळ्यात घालून दाराशी उभे राहायचे. चेहरा म्हणजे माणसं गावाला गेलेलं घर. दारं-खिडक्या जागच्या जागी, आत हालचाल नाही.

एका सकाळी ती काज करत होती. बाकावरून मास्तरांनी खाकरून घसा साफ केला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"बाई, माझा कोट झाला का?"

तिला आधी वाटलं थट्टा आहे. मास्तर थट्टा करत नसत, पण सगळ्याला कधीतरी पहिली वेळ असते. तिनं वर पाहिलं. मास्तर खरंच वाट बघत होते. गिऱ्हाईक बघतं तशी.

जगातल्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं. तिनं सुई कापडात अडकवली, उठली, मास्तरांच्या पायात चपला सरकवल्या आणि सुनेला म्हणाली, "चल. तुझे ते डॉक्टर कुठे बसतात?"

डॉक्टर म्हणजे सुनेच्याच वयाची मुलगी निघाली. मास्तरीणबाईला ते पटलं नाही, पण आता आलीच होती. डॉक्टरीणबाईनं मास्तरांना विचारलं, आजोबा, नाव काय तुमचं? उत्तर मास्तरीणबाईनं दिलं. काय काम करता? तेही तिनंच दिलं. आज वार कोणता, घरात कोण कोण आहे, झोप लागते का... सगळी उत्तरं झटझट, एक इकडचं तिकडे नाही.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "आजी, तुम्ही पास झालात. आता आजोबांची परीक्षा घेऊ? तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बसा असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती उठली ते केवळ इतकी चकित झाली म्हणून. बाहेरच्या बाकावर बसून ती दाराकडे कान लावून राहिली. आतून डॉक्टरीणबाईचा आवाज यायचा, आणि मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. तिच्या जिभेवर उत्तर येऊन उभं राहायचं, रांगेतल्या माणसासारखं चुळबुळायचं. आणि मग, एवढ्या वेळानंतर, मास्तरांचा आवाज. हळू, अडखळत, पण त्यांचा. इतक्या दिवसांत आपण हा आवाज पुरा कधी ऐकला, ते तिला आठवेना.

आत बोलावलं तेव्हा टेबलावर एक कागद होता. मास्तरांना घड्याळ काढायला सांगितलं होतं. घेर इतका सुरेख की परकारानंही काढता येऊ नये. कटरचा हात होता तो. पण आकडे सगळे एका अंगाला गर्दी करून उभे, दुसरं अंग कोरं.

डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. हा नुसता विसराळूपणा नाही, मेंदू हळूहळू थकत चाललाय. रक्त तपासू, कधी एखाद्या जीवनसत्त्वाची कमी असते, ती भरून काढता येते. ब्लडप्रेशर वाढलेलं आहे, ते आटोक्यात ठेवायचं. रोज चालायचं. दिवसा झोपायचं नाही. आणि कान. मास्तरांना फार कमी ऐकू येतं, हे घरात कुणाला माहीत नव्हतं का?

नव्हतं. कसं असणार? प्रश्न ऐकू येवो न येवो, उत्तर तयार असायचं.

"बरे होतील का?" तिनं सरळ विचारलं.

"पहिल्यासारखे होतील असं मी सांगणार नाही. उताराला लागलेली गाडी आहे, मागे ढकलता येत नाही. ब्रेक लावून बघता येतो. किती लागेल, ते आज सांगता येत नाही." मग ती म्हणाली, "आजी, हात प्लास्टरमध्ये ठेवला की बारीक होतो ना? तुम्ही यांच्या बोलण्याला प्लास्टर घातलंय. मायेनं घातलंय, पण घातलंय. काम त्यांना करू द्या. त्यांना बोलू द्या. अडले तर थांबा. मागितली तर मदत करा, मागायच्या आत नको."

"मी बोलले नसते तर दुकान चाललं नसतं."

"दुकान चाललं की. आता यांना चालू द्या."

घरी येईपर्यंत मास्तरीणबाई त्या मुलीला मनातल्या मनात सोलत होती. पण कोपऱ्यावर शेजारी भेटला आणि म्हणाला, काय मास्तर, कुठून? तेव्हा तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. रस्त्यात चौघं उभे. शेजारी घोटाळला. मास्तर त्याच्या ओठांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डॉक्टरकडून." एकच शब्द, पण स्वतःचा. तिला दरदरून घाम फुटला होता.

कानाचं यंत्र आलं. मास्तरांनी ते घातलं, दुकानात चौफेर बघितलं, बायकोचं बोलणं घटकाभर ऐकलं आणि म्हणाले, "अगं, तू एवढ्या मोठ्यानं बोलतेस?" सून मशीनवर डोकं टेकून हसत सुटली.

गप्प बसणं हे काम काज करण्यापेक्षा अवघड आहे, हे तिला या वयात कळलं. मास्तर "ते दे" म्हणाले की ती विचारी, "काय देऊ?" आणि ओठ दाबून धरी. कधी शब्द यायचा, कधी यायचा नाही, कधी मास्तर चिडून स्वतःच उठून घ्यायचे. संध्याकाळी दोघं बागेपर्यंत चालत जायची. ती कधीकधी मध्येच बोलून जायची, आणि मग स्वतःलाच शिव्या घालायची. सुंभ जळतो, पीळ थोडाच जातो. पण मास्तर आता बाकावर बसेनात. टेबलापाशी उभे राहून नुसतेच फर्मे खाली-वर करायचे.

अशात पिपाणीवाला आला. बँडमध्ये नवा ढोलवाला आला होता, त्याला तसाच डाळिंबी कोट हवा होता. मापं मास्तरांनीच घ्यावीत, कापड मास्तरांनीच कापावं, असं त्याचं म्हणणं. पहिल्या कोटाचं कौतुक त्यानं भरभरून केलं. काखेतला जोड त्याला अजून ठाऊक नव्हता.

मुलगा म्हणाला, ही शेवटची संधी. मखमल बिघडली तर टेबल उचलायचं आणि तिथं दुसरी मशीन बसवायची. बोलला तो वाईटानं नाही, पण बोलला. मास्तरीणबाईला एवढंच दिसत होतं की टेबल गेलं की बाक उरतो, आणि बाकावर बसून माझा कोट झाला का विचारणारा माणूस उरतो.

सकाळी तिनं स्वतःच्या हातानं फळीवरून कात्री काढून टेबलावर ठेवली. मखमल पसरली गेली. पिपाणीवाला बाकावर येऊन बसला. मास्तरांनी खडू उचलला. सुनेचा पाय थांबला.

आणि मास्तरीणबाईनं मनगटावरच्या उशीतल्या टाचण्या उपसल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. जन्मात पहिल्यांदा. सून बघतच राहिली.

पहिली बाही आखली गेली. कात्री चालली, तोच जुना कुरकुर आवाज. तुकडा सुटा झाला. डावी. मास्तरांनी फर्मा उचलला, सरकवला, आणि जसा होता तसाच पुन्हा ठेवला. पालथा केला नाही. खडू फिरू लागला.

सुनेनं सासूकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हणाली, बोला. बाकी दोघांना काहीच माहीत नव्हतं. मास्तर कापड बघत होते, पिपाणीवाला बाकावरून छत. मास्तरीणबाईच्या ओठांत टाचण्या थरथरत होत्या. एक शब्द टाकला की काम झालं असतं. कापड वाचलं असतं, टेबल वाचलं असतं. पण मग ते टेबल तिचं झालं असतं, मास्तरांचं नाही. आणि मास्तर काही मागत नव्हते.

रेघ पुरी झाली. मास्तरांनी कात्री उचलली, कापडाच्या कडेला टेकवली, आणि थांबले.

बाहेर एक सायकल गेली. मास्तरांनी कात्री ठेवली. कापलेली बाही उचलून आपल्या डाव्या दंडावर पांघरली आणि हात पुढे धरून ती बाही न्याहाळली. मग फर्मा उचलला, उजव्या दंडावर टेकवला. जुळेना. त्यांनी फर्मा फिरवला, उलटा धरला, सरळ धरला. एकदा डाव्या हाताकडे बघत, एकदा उजव्या, जसं काही ते हात आत्ताच कुणी आणून दिले आहेत. मग त्यांनी फर्मा पालथा केला. तो दंडावर बसला.

तळहातानं त्यांनी आधीची रेघ पुसली. फर्मा पालथाच कापडावर ठेवला, लवेवरून हात फिरवून तिचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, आणि पुन्हा आखायला लागले. सुनेनं डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवायला मशीनला तेल घातलं.

बाही कापून झाली. मास्तर बाकाकडे वळले. "झालं तुमचं..." म्हणाले, आणि नाव आलं नाही. ज्याचा कोट होता त्याचंही नाही, जो समोर बसला होता त्याचंही नाही. सगळे थांबले. मास्तरांनी कपाळाला आठी घातली, मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन बोटं नाचवली, पिपाणी वाजवल्यासारखी. पिपाणीवाला आधी चपापला, मग खो खो हसला, आणि मास्तरही हसले. नाव मात्र आलं नाही ते नाहीच.

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरीणबाई दोन्ही बाह्या जवळ ओढून पुन्हापुन्हा बघत बसली. एक डावी, एक उजवी. मास्तर टेबल झाडत होते. झाडता झाडता त्यांनी तिच्याकडे बघितलं, कानातलं यंत्र बोटानं चाचपून पाहिलं, चालू आहे ना म्हणून, आणि जवळ आले.

"अगं, तुला बरं नाही का? सकाळपासून बोलली नाहीस."

तिनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. ओठांवर बारीक बारीक खुणा उमटल्या होत्या.

"खडू होता ना तुमच्या हातात," ती म्हणाली.

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. खडू अजून होताच, बोटांत विसरलेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, हात अंगरख्याला पुसले, आणि तिच्या गादीशेजारी खाली बसले.

"हं," म्हणाले. "आता बोल."